उंदराच्या दृष्टी-मेंदूतल्या दोन पेशी तांब्याच्या तारेत : प्रकल्प नोंदी

१४ डिसेंबर २०२५, रविवार

आधी काम काय ते लिहून ठेवते. उंदराच्या मेंदूचा जो भाग डोळ्यांकडून आलेलं पाहतो, त्यातल्या दोन खऱ्या पेशी तारेतून उभ्या करायच्या. एक पेशी दुसरीला जिथे जिथे जोडली आहे, ती प्रत्येक जागा मॉडेलमध्ये दिसली पाहिजे. प्रमाण १००० पट, म्हणजे पेशीतला एक मायक्रोमीटर आमच्याकडे एक मिलिमीटर. मुदत २८ फेब्रुवारी, विज्ञान दिनाचं प्रदर्शन. सोबत अकरावीचे दोघे, सानिका आणि तौफिक.

हे कशासाठी? वर्गात मी चेतापेशीचं चित्र काढते तेव्हा एक पेशी, तिचा अ‍ॅक्सॉन (संदेश पुढे नेणारा लांब धागा), पुढे बाण, मग दुसरी पेशी असं काढते. मुलांच्या डोक्यात ती जोडणी प्लग आणि सॉकेटसारखी बसते. खरी जोडणी तशी नसते, आणि आता ती घरबसल्या बघता येते. ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमध्ये एका उंदराला चालत्या पट्ट्यावर ठेवून व्हिडिओ दाखवले आणि सुमारे ७५,००० चेतापेशींची सक्रियता टिपली. मग त्याच मेंदूचा तो तुकडा सिअ‍ॅटलच्या अ‍ॅलन इन्स्टिट्यूटमध्ये कापून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली छायाचित्रित केला, आणि प्रिन्स्टनमध्ये त्या छायाचित्रांतून एकेक पेशी वेगळी काढली. मायक्रॉन्स प्रकल्प हाच. त्याचे मुख्य लेख एप्रिल २०२५मध्ये 'नेचर'मध्ये आले, आणि माहिती सगळ्यांना खुली आहे. गूगल खात्याने आत जायचं, अटी मान्य करायच्या, टोकन घ्यायचं. पैसे लागत नाहीत.

पूर्ण तुकडा साधारण १.३ मिमी लांब, बाकी दोन बाजू ०.८ मिमीच्या आसपास. आमच्या प्रमाणात तो लाकडी पेटाऱ्याएवढा होईल. त्यातल्या अ‍ॅक्सॉनची एकूण लांबी सुमारे ४ किमी. ती १००० पट केली तर ४,००० किमी तार होते, मिरजेहून दिल्लीला जाऊन परत आलं तरी उरेल एवढी, आणि सगळी त्या पेटाऱ्यात. म्हणून आम्ही फक्त दोन पेशी घेतोय.

१७ डिसेंबर

दोन संध्याकाळी वाया. कारण एक्सेल.

प्रत्येक पेशीला १८ अंकी क्रमांक असतो. मी यादी उतरवून एक्सेलमध्ये उघडली, क्रमवारी लावली, जतन केली. दुसऱ्या दिवशी तेच क्रमांक परत टाकले तर एकही पेशी सापडेना. आधी टोकनवर संशय घेतला, मग नेटवर. शेवटी सानिकाने स्क्रीनवर बोट ठेवलं, "मॅडम, सगळ्यांच्या शेवटी तीन शून्यंच कशी?" एक्सेल १५च अंक धरून ठेवतं, पुढचे शून्य करतं, आणि सांगतही नाही.

उपाय: तो रकाना उघडतानाच 'मजकूर' म्हणून घ्यायचा. पायथनमध्येही हाच सापळा आहे. रकान्यात एखादी जागा रिकामी असली की अख्खा रकाना दशांशात जातो आणि शेवटचे अंक बिघडतात.

याला लागूनच एक गोष्ट. कुणी पेशीत दुरुस्ती केली, तुटलेला तुकडा जोडला किंवा चुकून चिकटलेला काढला, की तिचा क्रमांकही बदलतो. त्यामुळे माहितीची एक आवृत्ती धरून राहायचं. आम्ही जानेवारी २०२५ची, १३०० क्रमांकाची धरली आहे. पेशीच्या केंद्रकाचा क्रमांक मात्र बदलत नाही. वहीत तोच लिहायचा.

२१ डिसेंबर, रविवार

पेशी निवडायला बसलो. एक बास्केट पेशी हवी होती. ही दुसऱ्यांना शांत करणारी पेशी. तिचा अ‍ॅक्सॉन समोरच्या पेशीच्या अंगाभोवती टोपलीसारखा वेढा घालतो, म्हणून हे नाव. तार वळवायला याहून चांगला विषय मिळाला नसता.

पहिली निवड फुकट गेली. स्क्रीनवर सुंदर दिसत होती, पण तिचा अ‍ॅक्सॉन थोडा पुढे जाऊन एकदम खुंटला होता. खरी पेशी तिथे संपत नाही, संगणकाची ओळख तिथे संपते. डेंड्राइट, म्हणजे संदेश घेणाऱ्या फांद्या, जाड असतात, ते यंत्राला बहुतेक नीट ओळखता येतात. अ‍ॅक्सॉन काही ठिकाणी ०.१ ते ०.२ मायक्रोमीटर इतका बारीक होतो. तिथे एखादा काप खराब निघाला की धागा हातातून सुटतो. मग माणसाने बसून, एकेक टोक बघत, तो पुढे जोडायचा असतो. दोन लाखांवर पेशींपैकी अगदी थोड्यांचे अ‍ॅक्सॉन असे तपासून झालेत. त्यांचा वेगळा तक्ता आहे. आधी तो तक्ता काढा आणि त्यातलीच पेशी घ्या. आम्ही हे उलट्या क्रमाने केलं आणि रविवार घालवला.

२४ डिसेंबर

जोडी ठरली. तपासलेली एक बास्केट पेशी घेतली, ती कुठल्या पेशीवर किती सिनॅप्स, म्हणजे जोडण्या, करते ते मोजलं. बऱ्याच पेशींवर एक किंवा दोनच. थोड्या पेशींवर पुष्कळ. त्यातली पाचव्या थरातली एक मोठी पिरॅमिडल (सुळक्यासारख्या अंगाची) पेशी घेतली, जिचा मधला दांडा वर मेंदूच्या पृष्ठभागापर्यंत जातो. तक्त्यात तिच्या नावावर १२ सिनॅप्स होते.

पण तक्त्यातले सिनॅप्स यंत्राने शोधलेले आहेत. पूर्ण तुकड्यात ते ५० कोटींच्या वर आहेत, सगळे डोळ्यांनी बघणं कुणालाच शक्य नाही. आपले बारा मात्र बघता येतात. न्यूरोग्लान्सर नावाच्या दर्शकात, ब्राउझरमध्येच, एकेक उघडला. करड्या रंगाचा काप दिसतो. अ‍ॅक्सॉनच्या बाजूला मोहरी सांडावी तसे बारीक गोल ठिपके दाटलेले असतात, त्या संदेश नेणाऱ्या रसायनाच्या पुटकुळ्या. समोरच्या पडद्याला किंचित काळी कड असते. उत्तेजन देणाऱ्या सिनॅप्समध्ये ही काळी कड जाड असते. शांत करणाऱ्यात ती बारीकच, म्हणून पहिल्यांदा आमच्या नजरेतून सुटत होती. तौफिकची नजर पाचव्या-सहाव्या सिनॅप्सला बसली.

बारापैकी दोन नोंदी एकाच सिनॅप्सच्या निघाल्या. म्हणजे खरे ११. चार पेशीच्या अंगावर, पाच खालच्या डेंड्राइटवर अंगाच्या जवळ, दोन मधल्या दांड्याच्या सुरुवातीला.

तक्त्यात पेशीने स्वतःवरच केलेले सिनॅप्सही दिसतील. त्यातले बहुतेक यंत्राच्या चुका असतात. आम्ही ते सगळे वगळले.

२८ डिसेंबर, रविवार

पहिली छापील आकृती पापडासारखी चपटी. पेशीला खोलीच नाही.

कारण शोधायला वेळ लागला नाही, पण चूक होणार हे आधी कळायला हवं होतं. मेंदूचा तुकडा सुमारे २८,००० काप करून छायाचित्रित केला आहे. एक काप साधारण ४० नॅनोमीटर जाड. कापाच्या पृष्ठभागावर मात्र एक ठिपका ४ नॅनोमीटरचा. म्हणजे तक्त्यातले आकडे दोन दिशांना ४ने आणि तिसऱ्या दिशेला ४०ने गुणावे लागतात. तिन्ही दिशा सारख्या धरल्या की पेशी दहापट चपटी होते.

ते दुरुस्त केलं तर नवीन घोळ. सिनॅप्सचे अकरा ठिपके पेशीला सोडून भलतीकडेच पडले. पेशीचा सांगाडा जिथून घेतला तिथे आकडे आधीच नॅनोमीटरमध्ये होते, सिनॅप्सचे अजून ठिपक्यांच्या मोजमापात. दोन्ही एका मापात आणल्यावर अकराही ठिपके जागेवर बसले.

आणखी एक. उभी दिशा उलटी आहे, आकडा वाढला की खोल जातो. शिवाय सगळा तुकडा सुमारे ५ अंशांनी कललेला आहे. तेवढा फिरवून घेतला की मधला दांडा सरळ उभा राहतो.

४ जानेवारी २०२६, रविवार

तार. माझ्या डोक्यात सतारीची पोलादी तार होती. मिरजेत ती कोपऱ्यावर मिळते, बारीक आणि एकसारखी. पण ती वळवली की सुटून पुन्हा सरळ होते. अर्ध्या तासात नाद सोडला.

मग मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात गेले. तिथल्या आप्पांना आकृती दाखवली. त्यांनी ती बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "मॅडम, खोडाला जाड घ्या, फांदीला बारीक. सगळं एका गेजात केलं तर झाड वाटायचं न्हाई." आकडे काढले तेव्हा तेच निघालं. दांडा दोनेक मायक्रोमीटरचा, म्हणजे आमच्याकडे दोन मिमी: १४ नंबर. फांद्या एक मिमी: १९ नंबर. टोकांना २२. तार वजनावर मिळते. आप्पांनी जुन्या रिळांवर उरलेली दिली, ३२० रुपयांत सगळी.

बास्केट पेशीला वेगळा रंग हवा होता. आधी तांब्यालाच चंदेरी रंग मारून पाहिला. वळवला की तडे जाऊन उडतो. शेवटी फ्यूजची तार घेतली. ती मुळातच चंदेरी, मऊ, बारीक. वळवली तशी राहते. १८० रुपये.

११ जानेवारी, रविवार

कागदावरची आकृती सपाट, तार तीन दिशांना. हे जमवणं सगळ्यात अवघड होतं. जी पद्धत चालली ती लिहिते.

समोरून दिसणारी आकृती खऱ्या मापात छापली. ए-थ्रीचे तुकडे जोडून, फेरछपाई धरून एकूण २४ पानं. ती आडव्या ठेवलेल्या थर्मोकोलवर चिकटवली. प्रत्येक फांदीवर दर दोन सेंटिमीटरला त्या जागेची खोली मिलिमीटरमध्ये लिहिली. मग अगरबत्तीच्या जळून उरलेल्या काड्या त्या त्या उंचीला कापून तिथे रोवल्या. तार काड्यांच्या माथ्यावरून नेली की ती आपोआप तिसऱ्या दिशेला वळते. काड्यांची उंची मोजताना थर्मोकोलमध्ये रुतणारे १५ मिमी धरायचे राहून गेले होते. पहिल्या साठ काड्या त्यामुळे पुन्हा कापल्या.

डेंड्राइटवरचे काटे, म्हणजे बारीक उंचवटे, आम्ही केले नाहीत. पिरॅमिडल पेशीवर ते हजारोंनी असतात, आमच्या प्रमाणात मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे. मॉडेलच्या पाटीवर हे स्पष्ट लिहायचं ठरलं, नाहीतर बघणाऱ्याला फांद्या गुळगुळीतच असतात असं वाटेल.

१८ जानेवारी, रविवार

फांद्यांचे सांधे टिकेनात. सोल्डर गोळा होऊन घरंगळायचं. आप्पांकडे गेले तर ते म्हणाले, "इनॅमल खरडल्याबिगर सोल्डर धरतंय व्हय?" तारेवर पारदर्शक लेप असतो हे मला माहीत होतं, पण नख फिरवलं तरी दिसत नाही, म्हणून तो आहे हेच विसरले. ब्लेडने खरडून, पॉलिश पेपर मारून, पेस्ट लावून सांधे धरले.

पुढची अडचण: नवा सांधा करताना दोन सेंटिमीटरवरचा जुना सुटतो, तांबं उष्णता लगेच पुढे नेतं. दोन उपाय. सोल्डरच्या आधी फांदीची तार खोडाला तीन वेढे द्यायचे. आणि जुन्या सांध्यावर ओल्या कापसाचा बोळा ठेवायचा. त्यानंतर एकही सांधा सुटला नाही. पेशींची अंगं एम-सीलची केली.

८ फेब्रुवारी, रविवार

बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा होत्या. तीन आठवडे हात लागला नाही. त्या काळात कुणीतरी प्रयोगशाळेतल्या कपाटावर मॉडेलशेजारी खोका सरकवला आणि वरचा फुलोरा दबला. टोकाच्या १७ फांद्या परत काड्यांवर बसवाव्या लागल्या. पूर्ण दिवस गेला. काड्यांसकट थर्मोकोल टाकून दिला नव्हता म्हणून निभावलं.

१२ फेब्रुवारी

चंदेरी अ‍ॅक्सॉन चढवायला सुरुवात. तो पूर्ण केला असता तर कितीतरी मीटर झाला असता, आणि बराचसा आमच्या पिरॅमिडल पेशीपासून लांब. फक्त तिच्या परिसरातल्या शाखा ठेवल्या. जिथे कापल्या तिथे काळी टेप गुंडाळली, म्हणजे 'इथे पेशी संपत नाही' हे कळेल.

संध्याकाळी वर्गातली काही मुलं बघायला आली आणि जिथे चंदेरी तार तांब्याला टेकलेली दिसेल तिथे मोजू लागली. एकवीस, बावीस, तेवीस. पाटीवर अकरा लिहिलेलं.

मुलांची काही चूक नव्हती. मॉडेलच चुकीचं सांगत होतं. टेकणं म्हणजे जोडणं, हेच त्यातून शिकलं जात होतं, आणि नेमकं तेच खोडून काढण्यासाठी मी हे काम हाती घेतलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

तिघांनी दिवसभर दर्शकात बसून जवळून जाणाऱ्या जागा शोधल्या. आपला अ‍ॅक्सॉन आपल्या पिरॅमिडल पेशीपासून दोन मायक्रोमीटरच्या आत येतो पण सिनॅप्स करत नाही, अशा नऊ जागा मिळाल्या.

त्यातली एक मी बराच वेळ बघत राहिले. खालच्या डेंड्राइटशेजारून अ‍ॅक्सॉन जातो, अंतर एका मायक्रोमीटरहूनही कमी. त्याच जागी अ‍ॅक्सॉन फुगलेला आहे, आत पुटकुळ्या दाटलेल्या. सिनॅप्स होणारच असं वाटतं. काप पुढे पुढे सरकवला. तो फुगवटा सिनॅप्स करतो, पण आपल्या पेशीवर नाही, पलीकडच्या बाजूने जाणाऱ्या दुसऱ्याच एका डेंड्राइटवर. आपल्या डेंड्राइटच्या आणि त्याच्या मध्ये ग्लिया पेशीची (चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशीची) एक पातळ घडी शिरलेली. हाताच्या अंतरावर असून जोडणी नाही. सानिका म्हणाली, "शेजारी राहतात पण बोलत नाहीत." पाटीसाठी तिचंच वाक्य घेतलं.

याच माहितीवर संशोधकांनी असंच मोजलं आहे. ज्या उत्तेजक पेशी एकमेकींना जोडलेल्या आहेत त्यांची, नुसत्या जवळून जाणाऱ्या पण न जोडलेल्या पेशींशी तुलना केली. डोळ्यांसमोरच्या दृश्याला सारखा प्रतिसाद देणाऱ्या पेशी एकमेकींना जास्त जोडलेल्या निघाल्या, केवळ शेजारामुळे व्हाव्यात त्याहून जास्त. म्हणजे न झालेल्या जोडण्याही मोजाव्या लागतात. मॉडेलमध्ये त्या दाखवायच्याच असं ठरलं.

मॉडेलची दुरुस्ती: त्या नऊ जागी तारांमध्ये नायलॉनच्या दोऱ्याचा बारीक अडसर घालून दोन मिमीच्या आतली खरी फट राखली. तिथे पांढरा ठिपका. बाकीचे अपघाती स्पर्श तार थोडी वळवून काढले. अकरा खऱ्या सिनॅप्सना लाल नेलपॉलिश.

२२ फेब्रुवारी, रविवार

तौफिकने मल्टिमीटर आणला. डोळ्यांनी स्पर्श शोधण्यापेक्षा त्याचा बझर (विजेची वाट जुळली की वाजणारा) लावून बघू, असं त्याचं म्हणणं. एक प्रोब तांब्याच्या पेशीच्या खरडलेल्या टोकाला, दुसरा चंदेरी तारेला. बझर वाजला.

हे मला आधी सुचायला हवं होतं. कारण सिनॅप्सच्या जागीही दोन पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मध्ये साधारण २० नॅनोमीटरची फट असते. मेंदूच्या पेशींचा अभ्यास करणारे दोन शास्त्रज्ञ होते: मेंदू हे एकसंध जाळं आहे असं गॉल्जी मानत होते, प्रत्येक पेशी वेगळी आहे असं काहाल. १९०६चं नोबेल दोघांना मिळून मिळालं. बझर वाजला म्हणजे आमचं मॉडेल गॉल्जींच्या बाजूचं होतं.

२० नॅनोमीटर आमच्या प्रमाणात ०.०२ मिमी. नेलपॉलिशचा हात असा पातळच असतो, म्हणजे लाल ठिपका खूणही होऊ शकतो आणि फटही.

दोष शोधायची रीत: चंदेरी शाखा एकेक करून आगकाडीने अलगद उचलायची, आवाज थांबला की दोष त्या शाखेवर. दोन निघाले. एक सातव्या सिनॅप्सजवळ. तिथे खाली सोल्डरचा उघडा सांधा होता आणि नेलपॉलिशचा एकच हात खरवडला गेला होता. दुसरा लांब, वरच्या फांदीच्या बेचक्यात. तिथे तार सोल्डरवरच टेकली होती. सगळ्या उघड्या सांध्यांवर नेलपॉलिशचे दोन हात दिले. अकराही ठिपके पुन्हा भरले. एक हात वाळायला अर्धा तास तरी द्यायचा. घाई केली तर दुसरा हात पहिल्याला ओढून नेतो.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

खर्च: तांब्याची तार ३२०, फ्यूजची तार १८०, थर्मोकोल २४०, छपाई २४०, सोल्डर-पेस्ट-ब्लेड-नेलपॉलिश-एम-सील ३५०, सुताराकडची चौकट ७००. एकूण २,०३० रुपये. परीक्षांचे आठवडे सोडले तर सुमारे आठ आठवडे, त्यातला निम्मा वेळ तारेला हात लावण्याआधीचा. पुन्हा करायचं झालं तर तपासलेल्या पेशींचा तक्ता पहिल्या दिवशी काढेन आणि बझर पहिल्या सांध्यापासून लावेन.

चौकट चालतच कॉलेजात नेली, दोघांनी दोन बाजू धरून. प्रयोगशाळेच्या आढ्याला टांगली आणि तिथला पंखा बंद ठेवायची चिठ्ठी बटणावर लावली. सगळं स्थिर झाल्यावर लाल प्रोब तांब्याला, काळा चंदेरीला. बझर वाजला नाही. तौफिकने चौकट हाताने हलकेच हलवली, तारा लवलवल्या, तरी नाही. सानिकाने अकरा लाल आणि नऊ पांढरे ठिपके पुन्हा मोजले, आणि आम्ही प्रयोगशाळेला कुलूप लावलं.